हापालाबाईंच्या तळघरातला आवाज

गार्थ पेनहेल कानाने बॉयलर ओळखायचा. लांब दांड्याचा पेचकस लोखंडाला टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्याची रीत. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या काठी, तांब्याच्या बंद पडलेल्या खाणींच्या त्या पट्ट्यात हिवाळा अर्धं वर्ष ठाण मांडून बसतो. तिथे तळघरातल्या बॉयलरवर घरं उबदार राहतात, म्हणून लोक डॉक्टरची वाट बघत नाहीत एवढी बॉयलरवाल्याची बघतात. गार्थचे वाडवडील इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणीत खपायला आलेले. खाणी मिटल्या, तरी जमिनीखाली कान लावायची सवय त्याच्या रक्तात राहिली, असं त्याची बायको चेष्टेने म्हणायची.

त्या जानेवारीत एका दुपारी तो हापालाबाईंच्या घराकडे निघाला, तेव्हा मनात काहीच नव्हतं. हिवाळ्यात असे दिवसाला चार फोन येत. गाडीतच त्याने मांस-बटाट्याची पेस्टी खाल्ली, थर्मासमधला चहा संपवला आणि टेकडी चढू लागला. बर्फ भुरभुरत होता. रेडिओवर वादळाचा इशारा होता. पण तिथे वादळाचा इशारा नसेल तरच लोक दचकतात.

टेकडीवरचं शेवटचं घर त्यांचं. उंच, अरुंद, खिडक्याच खिडक्या असलेलं. कधीकाळी ते खाणकामगारांचं बोर्डिंग होतं, म्हणून खोल्या ढीगभर. आता त्यात लेम्पी हापाला एकट्या राहत. ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या, पण कणा ताठ. दारातला बर्फ अजून स्वतः ओढायच्या. गार्थने बूट काढायच्या आत त्यांनी कॉफी ओतली होती आणि वेलदोड्याच्या गोड पावाचे जाड काप ताटलीत मांडले होते. ही मंडळी मूळची फिनलंडची, आणि फिनिश घरांत पाहुण्याला विचारायची पद्धत नाही. समोर ठेवायचं आणि त्याने खायचं.

तो खात असताना बाईंनी सरळ विषयाला हात घातला. तळघरातून आवाज येतात. मुलगी एलिना मिलवॉकीला असते, नाताळात आली होती, तिला बॉयलरच्या नेहमीच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू आलं नाही. आईला भास होतात असं तिने ठरवलं आणि परत जाऊन वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. पुढच्या आठवड्यात ती न्यायला येणार होती.

"तेव्हा आवाज बॉयलरात आहे की माझ्या डोक्यात, तेवढं तू मला सांग," हापालाबाई म्हणाल्या. "जे असेल ते. गोड बोलायला माझ्याकडे पाद्री येतो."

गार्थला हसू आलं, आणि त्याच वेळी या बाईबद्दल पोटातून आदर वाटला. आपलं डोकं तपासायला माणसं डॉक्टरकडे जायलाही कचरतात. हिने बॉयलरवाल्याला बोलावलं होतं.

तळघरात उतरला आणि पहिल्यांदा त्याने टोपी काढली. बॉयलर बघून टोपी काढावी असं क्वचित होतं. ओतीव लोखंडाचं ते धूड, माणसाच्या छातीएवढं उंच, गाभण म्हशीसारखं भरलेलं. मूळ कोळशावर चालणारं. पुढे कोणीतरी तेलाचा बर्नर लावला, त्यानंतर गॅसचा. कोळसा टाकायचं जड दार बोल्ट मारून कायमचं बंद केलेलं, पण त्यावरची ओतीव द्राक्षवेल अजून ठसठशीत होती. ज्या वस्तूचं तोंड तळघराच्या अंधारात राहणार, तिच्यावर वेल कोरणारा ओतारी कोण असेल, असं त्याच्या मनात आलं. अशी वाफ करून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरना पाठवणारी, विजेवाचून चालणारी यंत्रं आता कोणी करत नाही.

मग तो कामाला लागला. पहिला आवाज सोपा होता: नळीत घणाचे घाव बसावेत असे दणके. वाफेची नळी एका जागी खचली होती, तिथे पाणी साचत होतं, मागून येणारी वाफ त्या पाण्याला धडक मारत होती. नळी उचलून त्याने खाली लाकडी पाचर ठोकली, दणके थांबले. दुसरा म्हणजे पोटातली गुरगुर. ती तळाशी बसलेल्या गाळाची. त्याने बादल्या भरभरून तांबडं पाणी काढलं, तेव्हा गुरगुर निवळली. वरच्या मजल्यावर एक रेडिएटर दम लागल्यासारखा फुसफुसत होता, त्याची छोटी झडप बदलली. प्रत्येक आवाज बंद झाला की बाई जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणायच्या, "हा नव्हे." त्यात कुरकूर नव्हती. शिंपी माप घेतो तसं त्या नुसतं सांगत होत्या.

सगळं शांत झालं. ज्योतीची मंद घरघर तेवढी राहिली. गार्थने पेचकस लोखंडाला टेकवून मूठ कानामागे लावली.

खर्र...

खडबडीत फरशीवरून काहीतरी घासत गेलं. क्षणभर काही नाही. मग लोखंडी दार आपटल्याचा आवाज.

"हा," वरून हापालाबाई म्हणाल्या.

त्याने पेचकस काढला. आवाज नुसत्या कानालाही येत होता. थांबून थांबून, एका लयीत. खर्र, मग शांतता, मग ठण्ण. तळघरात हलणारं काहीही नव्हतं. पण गार्थ घाबरणाऱ्यातला नव्हता. आवाज म्हणजे कशावर तरी काहीतरी आपटणं, एवढंच तो जाणत होता. धुराड्यात विटा सुटल्या असतील, त्या घसरत असतील. त्याने बॉयलरमागची धूर जाण्याची नळी सोडवली आणि धुराड्याच्या तळाच्या झरोक्यात छोटा आरसा धरला. धुराडं मोकळं असलं तर आरशात वर आकाशाचा चौकोन दिसतो. इथे नुसता काळोख होता. बॅटरी मारली तर वर विटांचा आणि मातीचा घट्ट गठ्ठा बसलेला, बोटभर फट नव्हती. एवढ्यात, धुराड्याला हात घालताना कमरेला अडकवलेलं वायू मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं.

त्याने ताबडतोब गॅसची चावी बंद केली आणि वर येऊन भराभर खिडक्या उघडल्या. बाईंना शाल गुंडाळून दारात उभं केलं आणि सगळं समजावलं. धूर बाहेर जात नव्हता, घरात परतत होता. त्या धुरात एक वायू असतो, त्याला ना वास ना रंग. एके दिवशी त्या झोपेतच गेल्या असत्या. त्याने डोकं दुखतं, मळमळतं, आणि... तो थोडा अडखळला.

"बोल की."

"आणि माणसाला भास होतात, हापालाबाई. नसलेले आवाज ऐकू येतात. या वायूने घरंच्या घरं भुताटकीची ठरलेली आहेत."

बाईंचा ताठ कणा तेव्हा पहिल्यांदा वाकल्यासारखा वाटला. "म्हणजे डोक्यातच," त्या म्हणाल्या. "बरं झालं, कळलं." त्यांनी त्याचे आभार मानले, आणि ते त्याला फार लागलं. आपल्यालाही तो आवाज आला होता हे त्याने मनात येऊनही सांगितलं नाही. आपण तळघरात तासन् तास होतो, आपल्याही छातीत तो वायू गेला असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

ठरलं असं की बाईंनी रात्रीपुरतं त्याच्या घरी यायचं. पण बाईंची पिशवी भरून होईपर्यंत वादळाने टेकडी गिळली होती. दार उघडलं तर पायऱ्याच दिसेनात. गाडी म्हणजे पांढरा उंचवटा. दोनदा तो फावडं घेऊन बाहेर पडला आणि दोन्ही वेळा घराच्या भिंतीला हात लावत लावत परत आला. हात सुटला असता तर अंगणातच हरवला असता. मग दिवे गेले. फोन तेवढा चालू होता. रस्ते साफ करणाऱ्यांच्या ऑफिसातून सांगितलं, वारा पडल्याशिवाय बर्फ सारणारी नांगरगाडी टेकडीवर येणार नाही, शेकोटी धगधगती ठेवा.

शेकोटी कुठली? स्वयंपाकाची शेगडी विजेची. मागची सौना, लाकडं जाळून वाफ घ्यायची खोली, दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फाच्या भाराने बसली होती. खिडक्या आता लावून घेतल्या होत्या, तरी घरातली ऊब कधीच उडून गेली होती. दोघं स्वयंपाकघरात घरातल्या सगळ्या रजया ओढून बसली. अंधार दाट झाला. वाऱ्याने घर करकरत होतं. सिंकमधल्या भांड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा धरला. बाई आधी थरथरत होत्या. मग त्यांची थरथर थांबली, आणि गार्थ उठून त्यांच्याजवळ गेला. थंडीत थरथर थांबते ती काही बरं लक्षण म्हणून नव्हे. त्यांच्या ओठांवर निळसर छटा आली होती आणि त्या फिनिश भाषेत काहीतरी पुटपुटत होत्या.

त्याने मनाशी हिशेब मांडला. बॉयलर अर्धा तास पेटवायचा, तळघराचं दार उघडं ठेवायचं, यंत्र ओरडलं की बंद करायचा. हे असं करू नका म्हणून तो आयुष्यभर लोकांना बजावत आला होता. पण नाहीतर सकाळपर्यंत ही बाई उरणार नव्हती.

बॅटरी घेऊन तो जिना उतरला. खाली थडग्यासारखी थंडी. गुडघ्यावर बसून त्याने गॅसच्या चावीवर हात ठेवला. दुसरा हात आधाराला बॉयलरच्या अंगावर टेकवला. लोखंड इतकं गार होतं की तळवा चिकटला.

खर्र...

अगदी शेजारी. त्याच्या उजव्या पायाजवळून ते फरशीवर घासत गेलं. बर्नर विझलेला. गॅस बंद. खिडक्या उघड्या ठेवून घर केव्हाच धुऊन निघालेलं, कमरेचं यंत्र शून्य दाखवत होतं. आता छातीत कुठलाही वायू नव्हता, ज्याच्यावर हे ढकलता येईल.

ठण्ण.

बोल्ट मारलेलं दार बोल्ट मारलेलंच होतं. त्याने बॅटरी त्यावर धरली. वेलीची पानं, द्राक्षांचे घोस, गंज. आणि मग वास आला... कोळशाचा. ओल्या, नुकत्या पेटलेल्या दगडी कोळशाचा, लहानपणी आजोबांच्या घरी यायचा तो. कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. ओझं उचलणाऱ्या माणसाचा, दमलेला पण लय न मोडणारा. खर्र... ठण्ण... खर्र...

चावीवरचा हात त्याने हळूच काढून घेतला. बॉयलरवरचा काढणार, तोच थबकला.

तळव्याखाली लोखंड कोमट होत होतं.

तो जिना कसा चढला ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. वर आला तेव्हा स्वयंपाकघरातला रेडिएटर टिकटिकत होता. लोखंड तापून फुगताना टिकटिकतं तसा. त्याने बाईंना खुर्चीसकट ओढून त्याला पाठ लावून बसवलं. बऱ्याच वेळाने त्या पुन्हा थरथरू लागल्या, आणि ती थरथर बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भांड्यातला पापुद्रा विरघळला. खालून तो आवाज येतच होता, न थकता.

"तू चावी उघडलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"नाही उघडली, हापालाबाई. आणि तुमच्या डोक्यातही काही नाही. मला दुपारीच ऐकू आलं होतं. मी बोललो नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण रागावल्या नाहीत. थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग ती सेन्याच असणार."

सासूकडून ऐकलेली गोष्ट होती ती. बोर्डिंगच्या काळात सासूच्या सासूने फिनलंडहून एक पोर कामाला आणली होती. सेन्या तिचं नाव. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, कोणाशी फारशी बोलायची नाही. इन्फ्लुएन्झाच्या साथीत सगळं घर आडवं झालं. मालकीण, मुलं, वरच्या खोल्यांतले सगळे खाणकामगार. बाहेर असंच वादळ. उभी फक्त सेन्या, आणि तिलाही ताप होता. तिने सूप केलं नाही, कोणाच्या उशाशी बसली नाही. तिने एवढंच ठरवलं की घर गार होऊ द्यायचं नाही. तळघरात उतरली आणि कोळसा टाकत राहिली. दिवस-रात्र. कोळसा संपला तेव्हा खुर्च्या फोडल्या, जिन्याचा कठडा फोडला. वादळ सरलं, माणसं उठली. त्या घरातलं एकही माणूस दगावलं नाही. खाली जाऊन पाहिलं तर ती बॉयलरच्या उघड्या दारासमोर बसलेली होती, मांडीवर फावडं. जीव जाऊन बराच वेळ झाला असावा, पण बॉयलर तापलेला होता.

"तिला पुरायला जमीन खणता येईना, इतकी गोठलेली," बाई म्हणाल्या. "सासू म्हणायची, आपण सगळे तिच्या उबेवर जन्मलो. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईचं बोलणं."

गार्थला भीती वाटत होती, नाही असं नाही. जिन्याच्या दाराकडे पाठ करायची त्याची छाती झाली नाही. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, चर्चमध्ये घंटा थांबल्यावर वाटतं तसं. माणसाने एक काम हाती घ्यावं आणि ते मरणालाही संपवू देऊ नये. एवढी चिवट माणसं त्याने खाणीच्या गोष्टींतसुद्धा ऐकली नव्हती.

उजाडता उजाडता वारा पडला. नांगरगाडीचा पिवळा दिवा खिडकीवर फिरला आणि खालचा आवाज मध्येच थांबला. दोघांनीही मान वळवली. रेडिएटर निवायला लागला.

नांगरगाडीचा ड्रायव्हर बूट झाडत आत आला आणि कॉफी मागू लागला. वर यायचा रस्ता कळतच नव्हता, म्हणाला, पण तुमच्या धुराड्यातून केवढा काळा धूर चालला होता, त्याच्या रोखाने येत गेलो. हल्ली कोळसा कुठून मिळतो तुम्हाला?

गार्थने त्याला कॉफी दिली.

एलिना पुढच्या आठवड्यात आली. गार्थ स्वतःहून तिला भेटायला गेला. बंद धुराडं, वायू, सगळं सांगितलं; आणि मग, गावात आपलं हसं होईल हे ठाऊक असूनही, तेही सांगितलं. "तुमच्या आईला ऐकू येतं ते मलाही येतं. वृद्धाश्रमात दोन खोल्या घ्या, एक मला." एलिनाने खोली रद्द केली.

वसंतात धुराडं मोकळं झालं. गवंडी म्हणाला, वरच्या भागातली काजळी जुनाट होती, गेल्या कित्येक महिन्यांत तिथून काही गेलेलं नाही. नवा बॉयलर आला, पेटीएवढा, मुका. जुना घरातून नेण्यासाठी घणाने फोडावा लागला. गार्थने तो घण दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही. आधी बाई खाली उतरल्या. वेलीच्या दारावर तळवा ठेवून फिनिश भाषेत दोन शब्द बोलल्या आणि वर निघून गेल्या. तुकडे बोशां नावाच्या भंगारवाल्याने नेले. त्यानंतर हापालाबाईंच्या घरी कसलाच आवाज आला नाही. घर फार रिकामं वाटतं, एवढं मात्र त्या म्हणायच्या.

पुढच्या हिवाळ्यात एक जुनी झडप हवी होती म्हणून गार्थ बोशांच्या आवारात गेला. कडाक्याची थंडी होती. मोटारींचे सांगाडे, रूळ, पिंपं, सगळं पांढऱ्याखाली गाडलं गेलं होतं. फक्त मागच्या कोपऱ्यात जमीन काळी आणि कोरडी होती, आणि त्या काळ्या जागेत त्या बॉयलरचे तुकडे पडले होते. त्यांच्यावर बर्फाचा एक कण नव्हता. तीन कामगार तिथेच उलट्या बादल्यांवर बसून डबा खात होते, कोटाची बटणं उघडी टाकून.

गार्थ तिथवर गेला, पण त्या काळ्या जागेत त्याने पाय ठेवला नाही. हे असं केव्हापासून, एवढंच त्याने विचारलं.

"पहिल्या बर्फापासून," त्यांतला थोराड कामगार म्हणाला. "मालक म्हणतो वितळवायला पाठवू, पण आम्ही पाठवू देत नाही. एवढी ऊब कुठे मिळायची?"

"भीती नाही वाटत?"

थोराड माणसाने पावाचा तुकडा खाली ठेवला.

"तशी नाही," तो हळूच म्हणाला. "मधून मधून पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहतं. हातात काहीतरी जड असल्यासारखं... आणि काहीतरी म्हणतं, बाईच्या आवाजात. भाषा आमच्यातल्या कोणालाच कळत नाही."

"मग?"

"मग काय... आम्ही सरकतो."